शेवंतीची चाल

कॅसेट कुणा वऱ्हाड्यानं भरलेली.
एका बाजूला मंगलाष्टका, दुसऱ्या बाजूला वरात:
तीन मिनिटं चाळीस सेकंद,
त्यात अण्णांचा साईड ड्रम.

सॉफ्टवेअरनं आधी चोपन्न सांगितलं.
निम्मं मोजतं ते कधीकधी.
दुपटीचं बटण दाबलं: एकशे सात पूर्णांक सहा.
शनिवारी कात्रजला हळद आहे, गव्हाण्यांच्या लॉनवर,
आणि त्यांना हवं ते गाणं
एकशे चोवीसवर पळतं.

पिचचा दांडा सरकवला.
क्लॅरिनेटची पिपाणी झाली.
सूर बांधून ठेवायचं बटण दाबलं,
तर सूर जागेवर, पण ड्रमचा आवाज
जुन्या साडीसारखा विरला.
म्हणून मग मधला भाव:
नवं गाणं एकशे बारावर उतरवलं,
कॅसेट चार टक्के चढवली.
मंडईत असाच सौदा होतो,
दोघंही थोडं कुरकुरतात.

सोळा ठोके जुळले.
पडद्यावर निळी लाट, नारिंगी लाट,
शिखराखाली शिखर.
मग नारिंगी पुढे निघून गेली.
पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच.
एक मिनिट बाराव्या सेकंदाला
एकशे सातचे एकशे अकरा होतात,
कुणी मागे लागल्यासारखे.

ठरवलं, एकेक ठोका ग्रिडला टाचायचा.
काशेवाडीतली दुपार, पत्र्याखाली लॅपटॉप तापलेला,
सुलतानाचाचींचा कुकर
मधेच स्वतःचा ताल घुसवणारा.
एकसष्ट ठोके टाचून झाले.
तेवढा भाग ऐकला.
बरोबर होता.
कवायतीसारखा बरोबर होता.

संध्याकाळी अण्णा मार्केट यार्डाच्या गेटवरून आले,
वॉचमनची टोपी खुंटीला लावली.
डावा कान ड्रमनं कधीच नेलाय,
म्हणून हेडफोन उजव्याला धरला.
"इथं का पळालात?" मी विचारलं.
त्यांनी डोळे मिटले. बोटं गुडघ्यावर.
"रामोशी गेट," म्हणाले.
"शेवंती तिथं कायम बिचकायची.
ट्रकचा हॉर्न म्हण, काय म्हण.
ती पाय उचलायची, नवरदेव फेटा सावरायचा,
आणि आम्ही तिच्या पुढं पुढं, जीव घेऊन.
वरातीचा वेग काय बँडमास्तर ठरवतो होय?
घोडी ठरवते, पोरी."
मग चहा मागितला.

एकसष्ट टाचण्या काढल्या,
कंट्रोल आणि झेड दाबून धरून,
शेवटच्यापासून पहिलीपर्यंत.

शनिवारी सिंक बंद ठेवलं.
चकतीवर बोटं, नवं गाणं बोटांखाली,
जरा ढकल, जरा अडव,
रस्ता ओलांडताना मुलाचं मनगट धरतात तसं.
क्वार्टर गेटच्या सिरिल सरांनी शिकवलं होतं:
दोन ठोके एकावर एक बसले नाहीत
की टापा ऐकू येतात.
टापा आल्या, की समज, निसटलं.

रामोशी गेट आलं.
टापा आल्या.

एक ढकल पुरली असती.
मी हात उचलला.

चार ठोके, आठ.
हळदीनं माखलेली पोरं
एक पाय हवेत धरून एकमेकांकडे बघू लागली.
वाढप्यांतला एक म्हातारा, हातात मठ्ठ्याचे ग्लास,
मागे न बघताच बाजूला सरकला,
वाट देत.

मग मी चकती पुन्हा धरली.

पैसे देताना गव्हाणे म्हणाले,
"मधे काय झालं होतं हो?"
"वायर सैल होती," मी म्हटलं.
त्यांनी पाचशे कापले.

शेवंतीच्या मालकाला तेव्हा एका वरातीचे
किती मिळत असतील?
अण्णांना विचारायचं राहिलंय.